बंद घराची राखण

गणपतीला कोकणात जाणाऱ्या मुंबईकर कुटुंबाच्या प्रवासाची तयारी दोन महिने आधी सुरू होते. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. त्या दिवशी सकाळपासून सारे घर तिकिटांच्या मागे लागते. पुढे एस.टी.च्या जादा गाड्यांची चौकशी, मखराचे सामान, गौरीची साडी, गावच्या मंडळींसाठी खाऊ अशी कामे एकामागून एक उरकली जातात. ज्या घराला कुलूप लावून ही मंडळी निघणार, त्या घराचा विचार मात्र आदल्या रात्री, बहुधा सामान बांधून झाल्यावर केला जातो. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीतही प्रकार वेगळा नसतो. हातावर दही पडते, कुलूप एकदा ओढून पाहिले जाते आणि रिक्षा चालू लागते. पहिल्या वळणावर कोणीतरी विचारते, "गॅस बंद केला ना?" आणि त्याचे खात्रीचे उत्तर कोणालाच देता येत नाही.

घर पूर्णपणे बंद ठेवण्याचा प्रसंग पूर्वी क्वचितच येत असे. एकत्र कुटुंबातील कोणी ना कोणी वडीलधारे माणूस मागे राहत असे. वाड्याचा मोठा दरवाजा रात्री आतून अडसर घालून बंद केला जाई. हा अडसर म्हणजे भिंतीतील खोबणीतून सरकविलेला जाड लाकडी दांडा, आणि तो आतूनच घालता येई. वाड्याच्या संरक्षणाची रचनाच आत माणूस आहे असे गृहीत धरून केलेली होती. आजच्या सदनिकेत चार माणसे राहतात, चौघेही एकाच वेळी निघतात आणि घर आठ-दहा दिवस निर्मनुष्य राहते. अशा घराला दोन बाजूंनी धोका असतो. एक बाहेरून येणाऱ्या चोराचा. दुसरा घरातच राहून गेलेल्या पाण्याचा, गॅसचा, विजेचा आणि डासांचा. पहिल्याची धास्ती सर्वांनाच असते. दुसऱ्याकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते.

घर बंद असल्याच्या खुणा

घरफोडी करणारा प्रथम पाहतो ते घरात माणूस आहे की नाही. ही गोष्ट त्याला घरच्याच मंडळींनी मागे ठेवलेल्या खुणांवरून समजते. दारापुढे साचलेली वर्तमानपत्रे, कडीला अडकविलेल्या दुधाच्या पिशव्या, उंबऱ्याशी ठेवून गेलेले पार्सल, दिवसाही जळत राहिलेला व्हरांड्यातील दिवा, आठवडाभर दोरीवर तसाच वाळत असलेला टॉवेल, या सर्वांचा अर्थ एकच होतो. ज्या दारापुढे रोज रांगोळी असते, त्या दारापुढे चार दिवस ती नसणे हीसुद्धा एक खूणच होय.

घर उजळ दिसावे म्हणून दिवा लावून जाण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. रात्री हा दिवा उपयोगी पडतो; सकाळी दहा वाजताही तो जळत असला म्हणजे घर बंद असल्याचे गल्लीला कळते. सायंकाळी आपोआप लागून सकाळी बंद होणारे दिवे आता बाजारात मिळतात. ते नको असतील तर बाहेरच्या दिव्याचे बटण शेजाऱ्यांच्या हाती सोपविणे बरे. घरफोडी ही केवळ रात्रीचीच गोष्ट आहे, असेही समजू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये चोरीच्या उद्देशाने केलेल्या घरफोडीस दहा वर्षांपर्यंत, आणि तीच सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केल्यास चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ रोजी ही संहिता अमलात येण्यापूर्वी भारतीय दंड संहितेतही असाच भेद केलेला होता. दुपारी इमारतीतील पुरुष व स्त्रिया कामावर आणि मुले शाळेत असतात, तेव्हा मजल्यावरील शांतता रात्रीपेक्षा कमी नसते.

आता दरवाजाविषयी. नागरिक कुलपावर खर्च करतात आणि कोयंड्याकडे पाहत नाहीत. कुलूप कितीही भक्कम असले तरी ते ज्या कोयंड्यात अडकविलेले असते, तो दोन-चार आखूड स्क्रूंनी लाकडात बसविलेला असतो. कटावणी घालून जोर दिला की कुलूप शाबूत राहते आणि कोयंडा उखडून येतो. यासाठी कडी-कोयंडा आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून त्याच्या चाक्या आतील बाजूने आवळाव्यात. चौकट वाळवीने पोखरलेली असल्यास ती प्रथम बदलावी. पोकळ लाकडात कोणताच बोल्ट धरत नाही. बाहेर लोंबणारे कुलूप घर बंद असल्याचे दुरूनच सांगते, म्हणून दाराच्या फळीत बसविलेले, किल्लीने बाहेरूनही फिरविता येणारे कुलूप अधिक सोयीचे. समोरच्या दाराची एवढी काळजी घेणारी कुटुंबे स्वयंपाकघराची मागची खिडकी, न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्या आणि गच्चीचे दार यांकडे मात्र पुन्हा पाहत नाहीत. तळमजल्यावर आणि सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी याच जागा आधी तपासाव्यात.

किल्ली पायपुसण्याखाली, कुंडीत, चपलांच्या कपाटात किंवा विजेच्या मीटरच्या पेटीत ठेवण्याची सवय अद्याप गेलेली नाही. या जागा घरच्यांना जितक्या माहीत असतात, तितक्याच इतरांनाही असतात.

शेजाऱ्यांवर सोपवावयाची कामे

बंद घर चालते असल्याचे दाखविणे हे काम यंत्रापेक्षा शेजारी अधिक चांगले करतात. यासाठी "घराकडे लक्ष ठेवा" एवढे मोघम सांगणे पुरेसे नाही. वर्तमानपत्र बंद करण्याऐवजी ते शेजाऱ्यांकडे टाकण्यास सांगावे; म्हणजे घर बंद असल्याचे विक्रेत्याखेरीज कोणास कळत नाही. दूध मात्र बंदच करावे. दारापुढे दोन बोटे रांगोळी काढणे, आलेले पार्सल उचलून आत घेणे, तुळशीला पाणी घालणे अशी ठरावीक कामे सोपविली की शेजारी दिवसातून एकदा तरी दारापाशी येतात, आणि तेच महत्त्वाचे असते. तुळशीची कुंडी शेजाऱ्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली तर झाड जगते, परंतु दारापाशी येण्याचे निमित्त नाहीसे होते. म्हणून ती आपल्याच दाराशी राहू द्यावी. त्यांच्याजवळ गावचा दूरध्वनी क्रमांक आणि विश्वासाचे नाते असल्यास एक किल्लीही असावी. दिवाळीत त्यांचे घर बंद असताना हेच काम आपल्याकडे येते, त्यामुळे संकोचाचे कारण नाही.

ज्यांना सांगणे आवश्यक आहे त्यांना नीट सांगावे आणि इतरांना सांगू नये, असा साधारण दंडक ठेवावा. रिक्षात बसताना खिडकीतील मंडळींशी मोठ्याने केलेली परतीच्या तारखेची चर्चा रस्त्यावरचा प्रत्येक जण ऐकतो. समाजमाध्यमांवर गावच्या आरतीची छायाचित्रे त्याच दिवशी प्रसिद्ध करणे हाही त्यातलाच प्रकार; ती परत आल्यावर टाकली तरी त्यांची गोडी कमी होत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यास मात्र घर किती दिवस बंद राहणार, हे लेखी कळवावे. त्या भागात गस्त घालणाऱ्या कर्मचाऱ्यांना तेवढीच नोंद उपयोगी पडते. गृहनिर्माण संस्थेच्या पहारेकऱ्यासही कळवावे, आणि सुटीत त्याच्या जागी बदली माणूस येणार आहे काय याची चौकशी करावी. गणपतीत पहारेकरीही गावी जातो!

कॅमेरा बसविल्याने घर सुरक्षित झाले, असा समज वाढतो आहे. कॅमेरा चोरी टिपतो, दार धरून ठेवीत नाही. शिवाय निघताना मुख्य स्विच बंद केला की बहुतेक कॅमेरेही बंद पडतात.

दागिने आणि कागदपत्रे

सणाला जाणाऱ्या घरात दागिन्यांची अडचण नेमकी याच वेळी उभी राहते. गौरीला घालण्यासाठी आणि घरच्या स्त्रियांना मिरविण्यासाठी बँकेच्या लॉकरमधून दागिने काढले जातात. काही प्रवासात नेले जातात आणि उरलेले "चार दिवसांचाच प्रश्न आहे" म्हणून कपाटात राहतात. ज्या कपाटाची किल्ली त्याच कपाटावर असते, त्याला तिजोरी म्हणता येणार नाही. जेवढे नेणार तेवढेच काढावे, बाकीचे लॉकरमध्येच असू द्यावे आणि बँकेच्या सुट्या पाहून हे काम आठवडाभर आधी करावे. स्त्रीधन हा अनेक घरांतील एकमेव साठा असतो आणि तो गेला तर पुन्हा उभा करण्यास एक पिढी जाते.

लॉकरसंबंधीच्या रिझर्व्ह बँकेच्या सुधारित सूचना १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा बँकेच्या कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांमुळे लॉकरमधील वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भूकंप किंवा पूर यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत झालेल्या नुकसानीस बँक जबाबदार नसते. वार्षिक भाडे दोन हजार रुपये असेल, तर ही मर्यादा दोन लाखांची होते. लॉकर घरापेक्षा निश्चितच सुरक्षित आहे. परंतु तो विमा नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

विम्याबाबतही असाच गैरसमज आढळतो. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित विमा योजना आग, वादळ, पूर, भूकंप इत्यादी आपत्तींपासून घराला व घरातील सामानाला संरक्षण देते. चोरीची भरपाई मात्र तीत अशा आपत्तीमुळे व त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरतीच आहे. कुलूप तोडून झालेल्या नेहमीच्या घरफोडीसाठी वेगळे विमासंरक्षण घ्यावे लागते. घर सलग अमुक दिवसांपेक्षा अधिक बंद राहिल्यास संरक्षण थांबेल, अशी अटही त्यात असू शकते. पॉलिसीची ती पाने निघण्यापूर्वी वाचणे इष्ट.

दागिन्यांची यादी प्रत्येक कुटुंबाजवळ असावी. तीत वस्तूचे नाव, वजन आणि छायाचित्र यांबरोबरच हॉलमार्कच्या दागिन्यावर कोरलेला अंक व अक्षरांचा सहा स्थानी ओळखक्रमांक लिहून ठेवावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचे सोन्याचे दागिने या क्रमांकासहच विकावे लागतात. चोरीचा माल हस्तगत झाला, की तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि मूळ मालकास न्यायालयाच्या आदेशाने परत मिळतो. त्या वेळी "ही आमचीच बांगडी" हे सिद्ध करावे लागते. आजीच्या जुन्या पाटल्यांवर असा क्रमांक नसणार. त्यांचे छायाचित्र काढताना झिजेची किंवा डागाची खूण स्पष्ट दिसेल असे पाहावे. या यादीची एक प्रत घराबाहेर, नातेवाइकांकडे असावी.

पाणी, गॅस, वीज

नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या शहरांत एक अपघात वारंवार घडतो. निघण्याच्या गडबडीत नळ सोडून पाहिला जातो, पाणी नसते आणि नळ तसाच उघडा राहतो. सायंकाळी पाणी येते तेव्हा घरात कोणी नसते. खालच्या मजल्यावरील छताला ओल येऊ लागेपर्यंत हे कोणाच्या लक्षात येत नाही. यास उपाय एकच: घराला पाणीपुरवठा करणारी मुख्य तोटी बंद करावी. ती कोठे आहे आणि फिरते की गंजली आहे, हे आठ दिवस आधी पाहून ठेवावे. भाद्रपदातील पावसाचा विचार करून गच्चीतील किंवा सज्जातील पाणी जाण्याच्या जाळीवरची पाने व कचराही काढावा, नाही तर पाणी दाराच्या फटीतून आत शिरते.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो आणि बंद घरात साचून राहतो. शेगडीचे बटण बंद करणे पुरेसे नाही; रेग्युलेटर बंद करून तो सिलिंडरवरून काढावा आणि सिलिंडरला बांधलेली टोपी त्यावर बसवावी. रबरी नळीवरील वर्ष पाहून पाच वर्षे झाली असल्यास ती बदलून घ्यावी. नळाने येणारा नैसर्गिक वायू याउलट हवेपेक्षा हलका असतो व छताकडे साचतो; तेथे मीटरजवळची तोटी बंद करावी.

वीज संपूर्ण बंद करावी की नाही, हे घरात काय चालू ठेवावयाचे यावर अवलंबून आहे. दहा-बारा दिवसांपेक्षा अधिक काळ जावयाचे असल्यास फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडे ठेवून बंद करावा आणि मुख्य स्विच खाली करावा. कॅमेरा किंवा रात्रीचा दिवा चालू ठेवावयाचा असल्यास तेवढीच वाहिनी सुरू ठेवून बाकीच्या बंद कराव्यात. पाणी तापविण्याचा गीझर, इस्त्री, दूरचित्रवाणी संच यांचे प्लग उपसून ठेवावेत.

घर अंधारात राहू नये म्हणून निघताना देवापुढे तेलाचा दिवा लावून जाण्याची चाल आहे. भावना समजण्यासारखी असली, तरी उंदीर वात ओढून नेतो आणि देवघराचा पडदा जवळच असतो. निघण्याच्या तासभर आधी दिवा लावून, तो शांत झाल्यावर कुलूप लावावे.

डासांचा अकरा दिवसांचा मुक्काम

डेंगी पसरविणारा एडिस डास घाण पाण्यात नव्हे, तर घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. अनंत चतुर्दशी आटोपून परतणारे कुटुंब जवळजवळ तितकेच दिवस बाहेर असते. म्हणजे मागे राहिलेली अर्धी बादली पुढच्या आजाराची सोय करून ठेवते, आणि त्याचा त्रास शेजारच्या घरांनाही होतो. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याची आरोग्य खात्याची सूचना ही याच हिशेबावर आधारलेली आहे.

पिंप, बादल्या आणि घंगाळ नुसते उपडे करून भागत नाही. या डासाची अंडी भांड्याच्या आतील कडेला चिकटतात आणि कोरड्या स्थितीत कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी भरले की ती फुटतात. म्हणून भांडी घासून, कोरडी करून पालथी घालावीत. फ्रिजच्या मागील पाणी साठणारा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनी प्लांटची बाटली या जागा हमखास विसरल्या जातात. शौचकूपाचे झाकण लावावे.

याउलट एका ठिकाणी पाणी राहणे आवश्यक असते. न्हाणीच्या जाळीखालील वाकड्या भागात थोडे पाणी अडून राहते आणि त्यामुळे गटारातील दुर्गंधी व झुरळे वर येत नाहीत. महिनाभर वापर नसला की हे पाणी आटते. दीर्घ काळासाठी जाताना जाळीत तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडे तेल ओतावे. तेलाचा थर पाणी लवकर उडू देत नाही, आणि जाळीवर फरशीचा तुकडा ठेवला की डासांनाही वाट राहत नाही.

गावचे घर

विसर्जनानंतर हीच मंडळी कोकणातले घर बंद करून निघतात आणि ते घर शिमग्यापर्यंत, कधी मे महिन्यापर्यंत बंद राहते. तेथे चोरापेक्षा वानर आणि वाळवी यांचा उपद्रव अधिक. वानरांनी सरकविलेले एक कौल परतीच्या पावसात माजघराची भिंत भिजविते. ट्रंका व गाद्या भिंतीपासून दूर, पाटांवर ठेवाव्यात. किल्ली वाडीतील भावकीकडे द्यावी आणि महिन्यातून एकदा खिडक्या उघडण्याची विनंती करावी.

परत आल्यावर

दार उघडताच दिव्याचे बटण दाबू नये. प्रथम वास घ्यावा, खिडक्या उघडाव्यात. गॅसचा वास आल्यास कोणतेही बटण न दाबता, काडी न ओढता सर्वांनी बाहेर यावे आणि बाहेरूनच १९०६ या तातडीच्या क्रमांकावर कळवावे. वास नसेल तर वीज सुरू करावी, नळ थोडा वेळ वाहू द्यावेत आणि साठलेले पाणी पिण्यास वापरू नये.

कुलूप तुटलेले दिसल्यास आत जाऊ नये. आत कोणी असण्याची शक्यता असते, आणि घरच्यांच्या वावराने हातापायांचे ठसे पुसले जातात. काय गेले हे पाहण्याची घाई स्वाभाविक असली, तरी बाहेर थांबून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये. शेजाऱ्यांचा दूरध्वनी कुटुंब गावी असतानाच आला, तरी तक्रारीसाठी परतीच्या गाडीची वाट पाहावी लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. म्हणजे मुंबईच्या घरातील चोरीची खबर कणकवलीतही नोंदविता येईल. इलेक्ट्रॉनिक साधनानेही ती पाठविता येते. मात्र अशी खबर देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी आणि नातेवाइकांकडे ठेवलेली दागिन्यांची यादी तपास अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी.